चौतीस हजार वकीलपत्रं
(युवा अभ्यास शिबिरातील भाषणाचं शब्दांकन)



आजच्या सत्राचा विषय 'इंटरनेट, पाळत आणि आपण' असा आहे. मी वकील नाही, पुढारीही नाही. संगणकाच्या जाळ्यांवर काम करणारा माणूस आहे. त्यामुळे कोणती नोंद कुठे साठते आणि कोण ती काढू शकतो, एवढं मला कळतं. बाकीचं वाचून शिकलो. त्या वाचनातलीच एक गोष्ट आज सांगणार आहे. ती जर्मनीतल्या एका छोट्या पक्षाची आहे. हा पक्ष कधी सत्तेवर आला नाही आणि देशाच्या संसदेत निवडणूक जिंकून त्याचा एकही माणूस गेला नाही. तरीही ती गोष्ट आपल्या कामाची आहे, असं मला वाटतं.

आधी थोडं आपल्याबद्दल. पाळतीचा विषय निघाला की आपल्या घरांत दोन उत्तरं ऐकू येतात. पहिलं अम्मी-अब्बांचं असतं, 'कुछ मत लिख बेटा, फोन में सब दिखता है.' दुसरं आपल्याच वयाच्या मित्रांचं, 'मी काही वाईट करत नाही, मला काय लपवायचंय?' पहिल्यात भीती आहे आणि दुसऱ्यात बेफिकिरी. पण दोन्हींचा शेवट एकच, आपण काहीच करायचं नाही. तिसरं उत्तर असू शकतं का, ते शोधायला आपण जर्मनीत जाऊ या.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर असं उघड झालं की हल्लेखोरांपैकी काही जण हॅम्बुर्ग शहरात विद्यार्थी म्हणून राहिले होते. जर्मन पोलिसांनी लगेच देशभर माहितीची चाळणी सुरू केली. तुमच्यावर संशय आहे म्हणून तुमची माहिती काढली, असा हा प्रकार नव्हता. विद्यापीठं, रहिवासी नोंदणीची कार्यालयं आणि परदेशी नागरिकांची नोंदवही यांतून सरसकट माहिती मागवायची आणि संगणकाने ती काही निकषांवर गाळायची, अशी पद्धत होती. निकष कोणते? पुरुष, वय १८ ते ४०, विद्यार्थी किंवा माजी विद्यार्थी, धर्म इस्लाम, आणि जन्म किंवा नागरिकत्व ठरावीक मुस्लिमबहुल देशांतलं. नॉर्थ ऱ्हाइन वेस्टफालिया या एकाच राज्यात पन्नास लाखांहून जास्त लोकांच्या नोंदी पोलिसांकडे गेल्या. गाळून गाळून सुमारे अकरा हजार नावं उरली. त्यांच्यापैकी कुणावर दहशतवादाचा खटला उभा राहिला? एकावरही नाही.

हा हिशेब नीट पाहा. त्या अकरा हजार तरुणांनाही लपवायचं काही नव्हतं. त्यांनी केलं काय होतं? कॉलेजात नाव घातलं होतं आणि एका विशिष्ट घरात जन्म घेतला होता. म्हणजे 'मला काय लपवायचंय' हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे. आपण काय लपवतो यावर काहीच ठरत नाही. समोरचा कोणते निकष लावतो, त्यावर सगळं ठरतं. आणि ते निकष आपल्याला सांगितले जात नाहीत.

मोरोक्कोचा नागरिक असलेला एक मुस्लिम विद्यार्थी याविरुद्ध न्यायालयात गेला. खालच्या न्यायालयांत हरला, पण थांबला नाही. अखेर ४ एप्रिल २००६ रोजी कार्ल्सरूह इथल्या घटनात्मक न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. जगात दहशतवादाचं सावट आहे, एवढं कारण अशा चाळणीला पुरेसं नाही, ठोस धोका दिसला तरच ती करता येईल, असं न्यायालयाने ठरवलं. म्हणजे एका परदेशी विद्यार्थ्याने तिथल्या सगळ्या नागरिकांसाठी एक रेघ आखून दिली.

तोवर सरकारं मात्र पुढच्या पायरीवर पोचली होती. युरोपीय संघाने २००६ मध्ये सर्व सदस्य देशांना बांधील असा एक निर्देश काढला. दूरध्वनी आणि इंटरनेट कंपन्यांनी प्रत्येक ग्राहकाच्या नोंदी किमान सहा महिने जपून ठेवाव्यात, पोलिसांना लागतील तेव्हा द्याव्यात, असं त्यात होतं. त्यानुसार जर्मन संसदेने ९ नोव्हेंबर २००७ रोजी कायदा मंजूर केला आणि १ जानेवारी २००८ पासून तो लागू झाला. आता कुणा मुस्लिम विद्यार्थ्यापुरता प्रश्न उरला नव्हता. आठ कोटी लोकांच्या नोंदी साठवल्या जाणार होत्या. चाळणी आधी एका समाजासाठी बनते आणि मग हळूहळू सगळ्यांच्या घरी येते. इतिहासात असं बऱ्याचदा झालं आहे.

इथे एक तांत्रिक मुद्दा समजून घेऊ. सरकारचं म्हणणं होतं की आम्ही तुमचं बोलणं ऐकत नाही, फक्त नोंदी ठेवतो. कुणी कुणाला फोन केला, केव्हा, किती वेळ, त्या वेळी मोबाइल कोणत्या टॉवरखाली होता, इंटरनेटला जोडताना कोणता आयपी पत्ता मिळाला होता, एवढंच. ऐकायला हे साधं वाटतं. पण ग्रीन पक्षाचे माल्टे श्पिट्झ यांनी आपल्या मोबाइल कंपनीवर दावा लावून स्वतःच्या सहा महिन्यांच्या नोंदी मिळवल्या आणि २०११ मध्ये त्या जाहीर केल्या. एका माणसाच्या सहा महिन्यांत पस्तीस हजारांहून जास्त नोंदी होत्या. एका वृत्तसंकेतस्थळाने त्या नकाशावर मांडल्या. माणूस कधी झोपतो, कधी रेल्वेत असतो, कोणत्या सभेला जातो, हे सगळं समोर आलं. त्याचं एक वाक्यही कुणाला ऐकावं लागलं नाही.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. शुक्रवारी दुपारी तुमचा फोन कोणत्या टॉवरखाली होता, मग रुग्णालयाला फोन गेला का, मग वकिलाला गेला का, रात्री दोन वाजता कुणाशी चाळीस मिनिटं बोलणं झालं. यात बोललेला एकही शब्द नाही. तरी तुमचा धर्म, आजार, खटला आणि तुमचं प्रेम, चारही गोष्टी कळल्या.

या वातावरणात तो पक्ष उभा राहिला. नाव पायरेट पार्टी, म्हणजे चाच्यांचा पक्ष. मूळ कल्पना स्वीडनची. तिथे रिक फाल्कविंगे यांनी १ जानेवारी २००६ रोजी पहिला असा पक्ष काढला. इंटरनेटवर गाणी-सिनेमे एकमेकांना देणाऱ्यांना कंपन्या 'चाचे' म्हणत. यांनी ती शिवीच नाव म्हणून घेतली. त्याच वर्षी १० सप्टेंबरला बर्लिनमध्ये जर्मन पक्ष स्थापन झाला. जमलेली माणसं पन्नासच्या आसपास होती. बहुतेक संगणकवाले, विद्यार्थी, काही वकील. पैसा नाही, घराण्याचं नाव नाही, जातीची किंवा धर्माची मतपेढी नाही. पहिली दोन-तीन वर्षं वर्तमानपत्रांनी त्यांच्याकडे गंमत म्हणूनच पाहिलं.

त्यांनी काय केलं ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. नोंदी साठवण्याच्या कायद्याविरुद्ध आधीपासून नागरिकांचा एक कार्यगट काम करत होता. त्यात वकील होते, पत्रकार होते, डॉक्टर होते. कारण रुग्ण डॉक्टरशी बोलायला किंवा माहिती देणारा पत्रकाराला फोन करायला घाबरू लागला, तर ते व्यवसाय चालणार कसे? पायरेट पक्षाने हा लढा बळकावला नाही. 'भीतीऐवजी स्वातंत्र्य' या घोषणेखाली बर्लिनमध्ये जे मोर्चे निघाले, त्यांत तो इतर संघटनांबरोबर चालला. ग्रीन पक्ष होता, उदारमतवादी पक्षाचे लोक होते, कामगार संघटना होत्या. एरवी एकमेकांशी भांडणारे हे लोक या एका मुद्द्यावर एका रस्त्यावर आले.

मग त्या कार्यगटाने एक साधी गोष्ट केली. जर्मनीत कुणीही नागरिक घटनात्मक न्यायालयात तक्रार करू शकतो, त्याला शुल्क लागत नाही. कार्यगटाने लोकांना आवाहन केलं की तुमच्या नावाने आमच्या वकिलाला वकीलपत्र द्या. बटण दाबायचं नाही, कागद भरायचा, सही करायची आणि टपालाने पाठवायचा. तक्रार ३१ डिसेंबर २००७ ला दाखल झाली. चौतीस हजारांहून जास्त लोकांची वकीलपत्रं जमा झाली आणि त्या कागदांचे गठ्ठे कार्ल्सरूहच्या न्यायालयात पोचवले गेले. जर्मनीच्या इतिहासात तोवर इतक्या लोकांनी मिळून घटनात्मक तक्रार कधी केली नव्हती.

त्या चौतीस हजार जणांनी काय केलं असेल याचा विचार करा. त्यांचा आक्षेप होता की सरकार आमची नावं साठवतं. आणि तो नोंदवण्यासाठी त्यांनी स्वतःचं नाव, पत्ता आणि सही सरकारी न्यायालयाला दिली. भीती वाटत नव्हती असं नाही. पण लपून राहण्याचा हक्क मागायला काही लोकांना उघडपणे पुढे यावंच लागतं. आणि चौतीस हजार लोक एकदम पुढे आले, की त्यांच्यातल्या एकेकट्याला वेगळं काढून धमकावणं अवघड होतं. संख्येचा हा उपयोग आपण विसरतो. आपल्याकडे एकटा पोरगा फेसबुकवर लिहितो, एकटाच अडकतो आणि बाकीचे त्याला ओळखत नाहीत असं दाखवतात.

२००९ साली दुसरा प्रसंग आला. तेव्हाच्या कुटुंबकल्याण मंत्री उर्झुला फॉन डेर लायेन यांनी बालकांच्या लैंगिक शोषणाची छायाचित्रं असणारी संकेतस्थळं अडवण्याचा कायदा आणला. हेतूला कोण विरोध करणार? तुम्हाला मुलांची काळजी नाही का, हा प्रश्न आला की भलेभले गप्प बसतात. पण कायद्याची रचना अशी होती की पोलीस एक यादी करणार, ती गुप्त राहणार, आणि कंपन्यांनी त्यातली संकेतस्थळं अडवून तिथे लाल 'थांबा' पाटी दाखवायची. छायाचित्रं मात्र सर्व्हरवर तशीच राहणार. विरोधकांनी चार शब्दांत उत्तर दिलं, 'अडवू नका, काढून टाका.' लहानपणी असे अत्याचार सोसलेल्या लोकांचा एक गटही या कायद्याविरुद्ध उभा राहिला. आमच्या दुःखाचा उपयोग गुप्त यादीसाठी करू नका, असं त्यांचं म्हणणं होतं.

संसदेकडे केलेल्या ऑनलाइन याचिकेवर एक लाख चौतीस हजारांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. तरी १८ जून २००९ रोजी कायदा मंजूर झाला. मोठ्या पक्षांनी आपलं ऐकलं नाही म्हटल्यावर तरुण या छोट्या पक्षाकडे वळले. वर्षाच्या सुरुवातीला पक्षाचे सदस्य हजाराच्या आसपास होते, वर्षअखेर दहा हजारांच्या वर गेले. आता निवडणुकीची तयारी करायची होती. जर्मनीत नव्या पक्षाला मतपत्रिकेवर यायचं तर प्रत्येक राज्यात मतदारांच्या पाठिंब्याच्या सह्या लागतात, मोठ्या राज्यात दोन हजारांपर्यंत. त्याही कागदावर आणि प्रत्येक सही सरकारी कार्यालयातून पडताळून घ्यायची. इंटरनेटचा पक्ष म्हणून ज्यांची थट्टा व्हायची, ती पोरं महिनोन्‌महिने बाजारात आणि स्थानकाबाहेर टेबल टाकून उभी राहिली. सोळापैकी पंधरा राज्यांत त्यांनी सह्या पुऱ्या केल्या. सप्टेंबर २००९ च्या निवडणुकीत दोन टक्के, म्हणजे साडेआठ लाखांच्या आसपास मतं मिळाली. संसदेत जायला पाच टक्के लागतात. एकही जागा मिळाली नाही.

पण पुढे काय झालं ते ऐका. संकेतस्थळं अडवण्याचा कायदा कागदावर आला, पण नव्या सरकारने पोलिसांना तो वापरू नका असं सांगितलं आणि २०११ च्या डिसेंबरमध्ये संसदेनेच तो रद्द केला. मोठ्या पक्षांना दिसलं होतं की या प्रश्नावर मतं फिरतात. त्याआधी २ मार्च २०१० रोजी घटनात्मक न्यायालयाने नोंदी साठवण्याचा कायदाही रद्द ठरवला आणि साठवलेली माहिती ताबडतोब पुसून टाकायला सांगितलं. अशी साठवण कधीच चालणार नाही असं मात्र न्यायालय म्हणालं नव्हतं, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. म्हणून लढाई संपली नाही. ८ एप्रिल २०१४ ला युरोपीय न्यायालयाने मूळ निर्देशच रद्द केला. २०१५ मध्ये जर्मन संसदेने सुधारून पुन्हा तसाच कायदा केला, २०१७ मध्ये त्याची अंमलबजावणी थांबली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये युरोपीय न्यायालयाने तोही युरोपच्या कायद्यात बसत नाही असं सांगितलं. तोच प्रश्न पंधरा वर्षं फिरून फिरून परत येत राहिला.

आणि पक्षाचं काय झालं? २०११ मध्ये बर्लिन राज्याच्या निवडणुकीत त्याला ८.९ टक्के मतं आणि पंधरा जागा मिळाल्या. पुढच्या वर्षी आणखी तीन राज्यांच्या विधानसभांत त्याचे लोक गेले. मग घसरण सुरू झाली. आपापसांत भांडणं, एकमेकांची उघड उणीदुणी, आणि इंटरनेट सोडून भाडं, पगार, शाळा यांवर काय म्हणायचं याचा गोंधळ. बर्लिनमधल्या पंधरा आमदारांत फक्त एक स्त्री होती. ज्यांना सगळ्यांचं स्वातंत्र्य हवं होतं, त्यांच्या पहिल्या बाकावर निम्मा समाज नव्हता. २०१३ च्या राष्ट्रीय निवडणुकीत पुन्हा दोन टक्क्यांच्या आसपास मतं, आणि नंतर राज्यांतल्या जागाही गेल्या. नोंदींच्या लढ्यात पहिल्यापासून असलेले पाट्रिक ब्रायर हे विधिज्ञ २०१९ ते २०२४ या काळात या पक्षाचे खासदार म्हणून युरोपीय संसदेत होते. मे २०२२ मध्ये युरोपीय आयोगाने सगळ्यांचे खासगी संदेश यंत्राने तपासण्याचा प्रस्ताव आणला, तेव्हा त्याविरुद्ध सर्वांत जास्त आवाज उठवणाऱ्यांत ते होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये युरोपीय संसदेने भूमिका घेतली की कूटबद्ध संदेशांना हात लावायचा नाही. २०२४ मध्ये पक्षाची तीही जागा गेली.

तर हा पक्ष हरला की जिंकला? निवडणुकीच्या तक्त्यात हरला. पण त्याचा विरोध ज्या दोन कायद्यांना होता, ते दोन्ही आज नाहीत. छोट्या संघटनेने स्वतःला हाच प्रश्न विचारावा, की आपण टिकलो का यापेक्षा, ज्यासाठी जमलो ते झालं का.

आता आपल्या देशात येऊ.

इंटरनेटवरच्या कायद्याचा अनुभव महाराष्ट्राला चांगलाच आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरमध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळलेल्या बंदबद्दल एका तरुणीने फेसबुकवर लिहिलं आणि तिच्या मैत्रिणीने ते 'लाइक' केलं. लिहिणारी मुस्लिम, लाइक करणारी हिंदू. दोघींना अटक झाली, एकीच्या नातेवाइकाच्या दवाखान्याची मोडतोड झाली. ही बातमी वाचून दिल्लीतली कायद्याची एक विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ रद्द झालं. पण गोष्ट तिथे संपली नाही. रद्द झालेल्या कलमाखाली पोलीस पुढेही गुन्हे नोंदवत राहिले. २०२१ मध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने हे न्यायालयापुढे मांडलं, तेव्हा न्यायालयालाही धक्का बसला. म्हणजे निकाल लागला तरी तो पोलीस ठाण्यापर्यंत पोचवणारी माणसं लागतात.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. हा निकाल आपल्या हातातलं सर्वांत मोठं हत्यार आहे. आणि तरी पुढच्याच वर्षी, २० डिसेंबर २०१८ ला, केंद्रीय गृह मंत्रालयाने दहा यंत्रणांना कुठल्याही संगणकातली माहिती पाहण्याचा, अडवण्याचा अधिकार देणारा आदेश काढला. त्याचा आधार माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९. या व्यवस्थेत परवानगी गृह सचिव देतात आणि तपासणी सचिवांचीच समिती करते. न्यायाधीश कुठेच नाही. २०१३ मध्ये माहिती अधिकाराच्या एका अर्जाला गृह मंत्रालयाने उत्तर दिलं होतं की दूरध्वनी ऐकण्याचे साडेसात ते नऊ हजार आदेश दर महिन्याला निघतात. नऊ हजारांना तीसने भागा. दिवसाला तीनशे. एवढ्या फायली वाचून, विचार करून सही करणं एका सचिवाला जमेल का, हे तुम्हीच ठरवा.

आणि नोंदी साठवण्याचं काय? जर्मनीत सहा महिन्यांवर एवढं रान उठलं. आपल्याकडे दूरसंचार विभागाने डिसेंबर २०२१ मध्ये कंपन्यांच्या परवान्यातली अट बदलली आणि कॉल व इंटरनेटच्या नोंदी एका वर्षाऐवजी किमान दोन वर्षं ठेवायला सांगितल्या. २८ एप्रिल २०२२ ला संगणक सुरक्षेच्या केंद्रीय यंत्रणेने निर्देश काढला की सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस आणि व्हीपीएनच्या ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवावी. यातलं काहीही विधेयक म्हणून संसदेत आलं नाही. चर्चा नाही, मतदान नाही. परिपत्रक आणि परवान्याची अट, बस्स. जर्मनांना निदान कोणत्या तारखेला विरोध करायचा ते माहीत होतं. आपल्याला ती तारीख स्वतः शोधावी लागते.

तुमच्यापैकी कुणीतरी विचारेल, आणि विचारायलाच हवं, की मग दहशतवाद्यांना पकडायचं कसं? मुंबईत २००६ ला लोकलमध्ये स्फोट झाले, २००८ ला हल्ला झाला, त्यात आपलेही लोक मेले. पोलिसांना अधिकार हवेतच. प्रश्न तो नाही. एका माणसावर कारण सांगून संशय घ्या, न्यायाधीशाची परवानगी घ्या, ठरावीक काळ त्याची पाळत ठेवा, याला त्या छोट्या पक्षाचाही विरोध नव्हता. विरोध सगळ्यांना आधीच संशयित धरण्याला आहे. आणि सगळे संशयित असले, तरी चाळणीत कोण अडकेल हे आपल्याला नीट माहीत आहे. अकरा हजार नावांचा हिशेब मी मघाशी दिला.

परवानगीशिवाय दुसऱ्याच्या घरात शिरू नये, कुणाच्या खासगी गोष्टी हुडकत बसू नये, हे आपल्याला घरीही शिकवतात आणि मदरशातही. ती शिकवण चांगली आहे. पण ही मागणी मी धर्माच्या नावाने करणार नाही आणि तुम्हीही करू नये, असं मला वाटतं. 'मुसलमानांवर पाळत ठेवू नका' असं आपण म्हटलं की बाकीचे म्हणतील, आमचा काय संबंध? 'न्यायाधीशाच्या परवानगीशिवाय कुणावरच पाळत ठेवू नका' असं म्हटलं की शेतकरी आंदोलनातला कार्यकर्ता, गिरणी कामगाराचा मुलगा, बातमीदार आणि आंतरजातीय लग्न करू पाहणारी मुलगी, हे सगळे आपल्या बाजूला उभे राहू शकतात. त्या मोरोक्कोच्या विद्यार्थ्याने आपल्या समाजासाठी वेगळी सवलत मागितली नव्हती. घटनेने सगळ्यांना दिलेलं मागितलं, म्हणून ते सगळ्यांना मिळालं.

मग करायचं काय? फोनवर कुलूप लावा, दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा, ते चांगलंच आहे. पण कुलूप म्हणजे राजकारण नव्हे. कंटाळवाणी कामं करणारी माणसं आपल्याला हवी आहेत. तुमच्यातल्या पाच-सहा जणांनी मिळून एक गट करा. त्यात मुली असतील याची पहिल्या दिवसापासून काळजी घ्या, शेवटी आठवण करू नका. नवा मसुदा आला की तो वाचा आणि त्याचं सोप्या मराठीत दोन पानांचं टिपण करा. जानेवारी २०२५ मध्ये वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या नियमांचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी खुला झाला होता. सरकारी यंत्रणांना सूट देण्याची तरतूद ज्या २०२३ च्या कायद्यात आहे, त्याचेच ते नियम. आपल्या तालुक्यातून किती सूचना गेल्या असतील? पुढच्या मसुद्याला निदान वीस गेल्या पाहिजेत, प्रत्येक आपल्या शब्दांत आणि खाली आपलं नाव.

माहिती अधिकाराचे अर्ज करा. आपल्या राज्यात गेल्या वर्षी पाळतीचे किती आदेश निघाले, आढावा समितीच्या किती बैठका झाल्या, असे आकड्यांचे साधे प्रश्न विचारा. नकार आला तर अपील करा, कारण नकारही कागदावर येतो आणि तो कागद पुढे न्यायालयात लागतो. ज्या संघटना आधीपासून न्यायालयात लढत आहेत त्यांना शोधा, त्यांना कागद पुरवा. सगळं आपल्याच झेंड्याखाली व्हायला पाहिजे, हा हट्ट नको.

आणि अम्मी-अब्बांशी वाद घालू नका. त्यांच्या भीतीला कारण आहे. त्यांनी पाहिलेल्या गोष्टी तुम्ही पाहिलेल्या नाहीत. त्यांना एवढंच सांगा की एकट्याने काही लिहिणार नाही, पण पन्नास जणांच्या अर्जावर सही करेन. हे त्यांनाही पटेल.

बाहेर टेबलावर माहिती अधिकाराच्या अर्जाचे कोरे नमुने ठेवले आहेत, दहा रुपयांची तिकिटंही आहेत. चहाच्या सुट्टीत प्रत्येकाने एक नमुना उचलावा, आपल्या शेजाऱ्याबरोबर बसून प्रश्न ठरवावा आणि खाली आपलं पूर्ण नाव लिहावं. अडचण आली तर मी तिथेच बसलेला आहे.